घसा बसलेल्या गवयाचं वर्ष

गाणी गोळा करायला निघालेला माणूस किस्से घेऊन परत येतो, हा माझा अनुभव आहे. गाण्याची चाल लक्षात ठेवावी लागते, शब्द जपावे लागतात. किश्श्यांचं तसं नसतं. एक सांगायला घ्यावा, तर त्याचा सदरा धरून दुसरा मागे उभा असतो. माझ्याकडे एका वर्षाचे असे साठले आहेत. कोणी चहाला आलं की दोनचार सांगून टाकतो, तेवढीच घरात जागा होते.

लढाईचे दिवस होते. मी नगरला एका शाळेत गायन शिकवत असे आणि अधूनमधून बैठकींत गात असे. त्या साली माझी बायको गेली. दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत जाऊ लागलो, पेटी वाजवू लागलो, वेळेवर जेवूही लागलो. फक्त गाता येईना. आवाज गेला होता असं नाही. गायला म्हणून तोंड उघडत नव्हतं.

आमच्या आळीत एक डॉक्टर होते. त्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि निदान केलं, "तुम्ही आजवर एकटे गात आलात, म्हणून हे झालं." माणसांनी जमून गावं, त्यानं फुफ्फुसं रुंद होतात, रक्त शुद्ध होतं आणि मन उल्हसित राहतं, असा त्यांचा सिद्धांत होता. तो सांगताना त्यांना मध्ये खोकण्यासाठी थांबावं लागे. ते स्वतः कधी गायल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पण सिद्धांत मांडणाऱ्याला इतकी सवलत द्यावीच लागते.

शेवटी ठरलं असं, की मी वर्षाची रजा घ्यायची, जिल्ह्यातली गावं हिंडायची, लोकांना एकत्र गायला बसवायचं आणि त्यांची प्रकृती कशी सुधारते ते पाहायचं. "एखाद्या गावात तुम्हीही गाल," डॉक्टर म्हणाले, "आणि मला त्याचीच वाट पाहायची आहे."

सोबतीला त्यांनी ढोलकी वाजवणारे शमुवेलभाऊ दिले. नेवाशाकडचे ख्रिस्ती, वयानं माझ्याहून थोडे वडील, बोलणं कमी आणि जे बोलतील ते लागणारं. डॉक्टरांनी त्यांना माझ्यादेखत बजावलं, "मास्तर गायले की मला लगेच कळवा."

शमुवेलभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कळवीन की. घाई न्हाई ना?"

*

पहिलं गाव पारनेरकडचं. डॉक्टरांनी आमच्याबरोबर शिंप्याकडची एक टेप दिली होती. गाण्याआधी माणसाची छाती मोजायची, गाणं झालं की पुन्हा मोजायची, फरक किती पडला ते पाहायचं. शास्त्र म्हटलं की मोजमाप आलंच.

देवळापुढे दहाबारा माणसं जमली होती. शमुवेलभाऊंनी पहिल्या गड्याच्या छातीभोवती टेप गुंडाळली मात्र, आणि बघता बघता गाव लोटलं. शेतातली माणसं आली, आजारी माणसं उठून आली. एकाला तर चौघांनी धरून आणलं. असा उत्साह मी मोठमोठ्या बैठकींतही पाहिला नव्हता. माप झाल्यावर सगळे असे गायले, की देवळावरची कबुतरं उडाली. पुन्हा मापं झाली. मी मनातल्या मनात डॉक्टरांची क्षमा मागितली.

आम्ही सामान आवरायला लागलो, तसे एक म्हातारबा पुढे आले. "मास्तर, सदरं कंदी मिळायचं?"

कापडावर कंट्रोल होतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. रेशनवर हातभर कापड मिळायची मारामार, अशा दिवसांत आम्ही टेप घेऊन गावात शिरलो होतो.

मी त्यांना फुफ्फुसांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गानं आमी फुकाट बी म्हनलं असतं. पर माप घेतलं म्हंजी सदरा द्यावा लागतो."

त्या गावाहून आम्ही जेवायला न थांबता निघालो.

*

पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या मागे एक भलीमोठी भट्टी असे. सपाटीला गाडी बरी जाई. चढ लागला की ती उभी राही आणि उतारू खाली उतरून ढकलत.

एका चढावर आमची गाडी अशीच थांबली. सगळे मागे जमलो, रेटा दिला, गाडी जागची हलेना. मला डॉक्टर आठवले. मी म्हणालो, "मंडळी, एकत्र काहीतरी म्हणू या. गाण्यानं अंगात ताकद येते."

ड्रायव्हर धुरानं काळाठिक्कर पडला होता. तो भट्टीपाशी उभा राहून म्हणाला, "हे बघा, ज्यांना गायचं हाय त्यांनी आत बसावं. ज्यांना ढकलायचं हाय त्यांनी मागं ऱ्हावं."

मग एकजण म्हणाला, "मला भजनाची लई आवड हाय," आणि आत जाऊन बसला. त्याच्यामागे सगळी गाडी भजनी निघाली. आतून टाळ्या ऐकू येऊ लागल्या. मनं उल्हसित झाल्याचं स्पष्ट दिसत होतं. वर्षभरात इतका एकदिलानं गाणारा समूह मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

मागे ड्रायव्हर, शमुवेलभाऊ आणि मी उरलो. शमुवेलभाऊंनी बाह्या सावरल्या.

"मास्तर, तुमी पन आत जायचं का? न्हाई, डॉक्टरास्नी कळवायला बरं."

मी गाडीला खांदा लावला.

*

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आम्ही गाणं शोधायला गेलो नव्हतो. गर्दीत वाट मिळत नव्हती म्हणून उभे होतो. शेजारीच भांडण जुंपलं होतं. एकानं मागच्या बाजाराला बैल घेतला होता. विहिरीवरच्या मोटेला जुंपला की बैल उतारावरून खाली जाई, भरलेली मोट वर येई, पण नंतर त्यानं पाठीमागे चढायला हवं, तो काही चढेना. घेणारा बैल परत करायला आला होता.

विकणाऱ्यानं विचारलं, "गानं म्हनता का?"

"म्या बैल घेतलाय. तमाशा न्हाई."

"गान्याबिगर त्यो माघारी येत न्हाई. आमच्याकडं समदं गान्यावर हाय."

"मंग तवाच सांगायचं!"

"तुमी दात बघितलं, खूर बघितलं, शेपूट बघितली. गान्याचं इचारलं का?"

असं म्हणून त्यानं तिथेच मोटेवरच्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या. बैलानं कान टवकारले आणि तो शिस्तीत मागे चालू लागला. मागे एका कुंभारणीनं मडकी मांडली होती. ती सारी मडकी फुटेपर्यंत बैल थांबला नाही, कारण गाणारा रंगात आला होता.

कुंभारणीची समजूत काढल्यावर असं ठरलं, की घेणाऱ्यानं बैलाबरोबर गाणंही शिकून न्यावं. आयता गायनमास्तर उभाच होता. मी बरोबरची पेटी उघडली. दुपार टळेपर्यंत त्याला ती एक चाल शिकवली. तो मनापासून ओरडत होता. बैल मान वळवून त्याच्याकडे पाही आणि पुन्हा कडब्याला तोंड लावी.

"तुमीच म्हना एकडाव मास्तर, म्हंजी त्यांच्या ध्यानात यील," विकणारा म्हणाला.

"माझा घसा बसला आहे," मी म्हणालो.

शमुवेलभाऊ दुसरीकडे पाहू लागले.

अखेर विकणाऱ्यानंच कासरा हातात घेतला. "ऱ्हाऊ द्या. बैल मी परत घेतो. तुमच्यापाशी ऱ्हायला तर त्याचा कान नासंल."

*

घसा बसल्याचं मी एकदा बोलून गेलो आणि ते सोयीचं पडलं. मग प्रत्येक गावी तेच सांगू लागलो. "मास्तर, आता तुमचं होऊ द्या," असं कोणी म्हटलं की माझा हात गळ्याकडे जाई.

त्याचा परिणाम माझ्या आधीच लक्षात यायला हवा होता. एका गावात ज्येष्ठमध मिळाला, दुसऱ्यात अडुळशाचा काढा, तिसऱ्यात हळद घातलेलं दूध. दूध मिळायची पंचाईत असताना घरच्या पोरांच्या वाटचं दूध मला दिलं जाई आणि एक शब्द न बोलता मी ते पीत असे. एका आजीबाईंनी मीठ तापवून त्याची पुरचुंडी माझ्या गळ्याला बांधली आणि मी ती सोडू नये म्हणून समोर बसून राहिल्या. पुढे पुढे आमच्या आधी बातमी पोचू लागली. वेशीतच कोणीतरी विचारी, "घसा बसलेले गवई तुमीच न्हवं?"

"मास्तर," शमुवेलभाऊ एकदा वाटेत म्हणाले, "गावं बरी करायला आपुन निघाल्तो. हितं गावंच तुमाला बरं करायला लागली."

"औषध लागू पडत नाही, त्याला मी काय करू?"

"घशाचं लागू पडंल कसं," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

एका गावातल्या वैद्यांनी मात्र मला उजेडात बसवून घसा नीट पाहिला. "घशात काहीच नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "घरी कोण असतं?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

त्यांनी औषधाची पेटी बंद केली आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. वर्षभरात एवढ्या एका ठिकाणी मला काढा प्यावा लागला नाही.

*

श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यात शमुवेलभाऊंची सासुरवाडी होती. तिथे दोन पंथांची दोन प्रार्थनामंदिरं होती आणि दोहोंच्या मध्ये एक बोळ. त्यांचा थोरला मेव्हणा एकात जाई, धाकटा दुसऱ्यात. रविवारी दोन्हीकडे उपासना एकाच वेळी सुरू होई. इकडच्यांनी गीत धरलं की तिकडचे आवाज चढवत. मग इकडचे आणखी चढवत. बोळात उभं राहिलं तर कुठलंच गीत कळत नसे, पण गाव जिवंत आहे एवढं नक्की कळे. डॉक्टरांना हवी होती तशी छाती मला त्या गावात घरोघर दिसली.

मी शिकलासवरलेला माणूस, मला सूचना केल्याशिवाय राहवेना. दोघा मेव्हण्यांना एकत्र बसवून म्हटलं, "एकानं आधी, एकानं नंतर, अशा वेळा ठरवून घ्या. म्हणजे कोणाला कोणाचा त्रास नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते तेव्हाच.

"नगं मास्तर," थोरला म्हणाला. "मंग गायचं कुनासाठी?"

*

वर्ष संपत आलं तेव्हा आम्ही पाथर्डीच्या बाजूला होतो. माझा घसा अजून बसलेलाच होता. शमुवेलभाऊंनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलं होतं, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड जात होतं. उतरलो होतो तात्या नावाच्या शेतकऱ्याकडे. उंच, दांडगा माणूस, मिशा कानापर्यंत. बायको वारलेली, मुली नांदायला गेलेल्या. घरात एकटेच.

पहाटे जात्याच्या आवाजानं मला जाग आली. उठून पाहिलं, तर चिमणीच्या उजेडात तात्या दळायला बसले होते. माणूस मोठा आणि जातं लहान, त्यामुळे गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ते ओवी म्हणत होते. बाईमाणसाच्या तोंडची ओवी, आणि आवाज विहिरीतून यावा तसा.

"माझ्या भावाचा बैल, त्याची झूल लालेलाल..."

एवढं म्हणून ते गप्प झाले. जात्याचा एक वेढा नुसता गेला. मग त्यांनी दुसरीच ओवी धरली. तिचीही एकच ओळ.

मी विचारलं, "पुढची ओळ?"

"ठावं न्हाई." त्यांनी हात थांबवला नाही. "पयली ओळ ती मोठ्यांदा म्हनायची, मला उठवाया. दुसरी हळू, आपली तिच्यापुरती. ती कंदी ऐकाया आली न्हाई."

मी समोर बसलो. खुंट्याला हात लावला. दोन माणसांनी ओढलं की जातं हलकं होतं.

आमच्या घरी उलटं होतं. गवयाच्या घरात दळताना मोठ्यानं म्हणायला माझ्या बायकोला संकोच वाटे. ओळ सुरू होई ती ओठांतल्या ओठांत. म्हणता म्हणता ती संकोच विसरे आणि आवाज वर येई तो दुसऱ्या ओळीला. मी पलीकडच्या खोलीत तंबोरा लावत असे. मला ऐकू येत त्या फक्त दुसऱ्या ओळी.

तात्यांनी पुन्हा बैलाची ओळ म्हटली. वेढा रिकामा जायला लागला, तसं मी सांगितलं, "करंड्याला आरसा गं, बसवून आणला काल."

"सांगू नगा," तात्या म्हणाले. "म्हना. बोलन्यानं जातं फिरत न्हाई."

मी ती ओळ चालीवर म्हटली.

तात्यांनी थोडा विचार केला. "आन् बैल कुटं गेला?"

"पाणी प्यायला गेला असेल."

"आसंल," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची ओळ धरली, "उगवला दिस बाई, आंब्याच्या आडून..."

"कोरं लुगडं नेसले मी, घडी मोडून."

या खेपेला दोन्ही ओळी एकमेकींना लागल्या. खुंट्यावरचे हात जरा अडखळले, मग फिरू लागले. भावाची ओळ त्यांनी म्हणावी, अंगणातल्या तुळशीची मी. नदीचा पूर त्यांचा, लोणच्याची बरणी माझी. काही जुळत होत्या, बऱ्याचशा जुळत नव्हत्या. तात्या आता अडून राहत नव्हते.

मध्येच ते म्हणाले, "आवाज बरा हाय तुमचा. दळत गेलात तर सुधरंल."

शमुवेलभाऊ कधी उठून आले ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. उजाडलं होतं. पाटीतली बाजरी संपत आली होती. जात्याभोवती पिठाचा ढीग पडला होता, आणि बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं. एकट्या माणसाला त्यातलं ओंजळभर पुरे.

तात्यांनी शेवटची मूठ जात्यात टाकली, पाटी चाचपली, आणि हात न थांबवता म्हणाले, "शमुवेलभाऊ, त्या कोपऱ्यातलं पोतं जरा हिकडं वढा."