लेखकांच्या दुखापती

किस्से जमवावे लागत नाहीत. दारे-जनेले लावून घेतली तरी घरात धूळ साठतेच. तसे ते साठतात. आता दिवसभर बोलायला कोणी नसल्यामुळे मला ते अधिकच आठवतात.

पेडण्यातील आमच्या लेखक मंडळात आम्ही तिघेच: नाटककार दत्ताराम, कवी शांतूबाब आणि मी, निवृत्त शिक्षिका. दर रविवारी माझ्या घराच्या सोप्यावर आम्ही आपापले लेखन वाचत असू. लेखन हा बैठा, निर्धोक उद्योग आहे असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे!

*

शांतूबाब इब्रामपूरचा. चालल्याशिवाय त्याला कविता सुचत नसे आणि सुचली की पुढचे दिसत नसे. एकदा तो शेताच्या मेरेवरून थेट चिखलात गेला. घोटा मुरगळला, कमरेपर्यंत रुतला. धावत आलेल्या शेतकऱ्याने हात पुढे केला. शांतूबाबाने त्या हातात कवितेचा कागद ठेवला!

"आदीं ही धर. हांव खंय पळून वचना!" म्हणजे आधी कविता; तो काही कुठे पळून जात नव्हता.

*

दत्ताराम लिहिताना सगळ्या पात्रांची कामे स्वतः करी. जत्रेच्या नाटकातील राजाचा वध लिहिताना तो असा कोसळला की कपाळ खांबावर आपटले.

"कोणी मारले?" डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारले.

"सेनापतीने!"

डॉक्टर दचकले. दत्तारामाची पत्नी मात्र शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, थोडी पट्टी घरी द्या. अजून राणी मरायची आहे."

*

मी जमिनीवर मांडी घालून लिहिते. एके सकाळी पावविक्या पोदेराचा भोंगा ऐकून उठले, तर दोन्ही पाय बधिर! उंबऱ्यातच आडवी झाले. पोदेराने हात देऊन उठवले.

"बाई, कशा पडलात?"

"निबंध लिहिताना."

त्याने वर पाहिले. "माळ्यावर बसून?"

त्या दिवशी माझ्याशी बोललेला तो एकच माणूस.

*

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा वाद पेटला. एका रविवारी शांतूबाबाने कोंकणी कविता आणली. "हे मराठीचे मंडळ आहे," दत्ताराम कडाडला. शांतूबाब कागदाची घडी करून निघून गेला. त्याला कोंकणी संमेलनांची बोलावणी येऊ लागली. इकडे तो फिरकला नाही. दत्ताराम डिचोलीला मुलाकडे राहायला गेला. गोवा घटक राज्य झाले, तेव्हा मंडळात मी एकटीच उरले होते. रविवारी सोपा झाडून ठेवण्याची सवय मात्र सुटली नाही.

लिहून लिहून माझी मान आखडली आणि डॉक्टरांनी गळ्यात पट्टा अडकवला. आमच्या मंडळाचा एक दंडक होता: ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याकडे पाठ करून बसायचे. चेहरे पाहून लेखकाने सुखावू नये. एका रविवारी मी अशीच, माझ्या नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसले होते. मागे पायरीवर चपला निघाल्या. मला वळता येईना. कोणीतरी घसा खाकरून वाचू लागले. कविता कोंकणी होती, आवाज शांतूबाबाचा.

मी शेवटपर्यंत ऐकली.

"दुसरे कडवे काढून टाका, शांतूबाब," मी भिंतीला सांगितले. "संपूर्ण कडवे अनावश्यक आहे."

मग माझ्या पाठीमागे तो मटकन खाली बसला.

"थंय संमेलनांत सगळे टाळयो मारतात, बाई!"