सपाट चमचा

प्रसूतीपूर्वी रक्तदाब वाढल्यामुळे माझ्या रजेतले दोन महिने अंथरुणातच संपले. पुसेगावच्या शाळेत मी पुन्हा रुजू झाले, तेव्हा लेक चार महिन्यांची होती. हिंगोलीहून सकाळी निघायचे आणि दिवस कलल्यावर परतायचे. मधले सारे तास तिच्या भुकेचे. डॉक्टरांनी डब्यातले दूध लिहून दिले आणि ते वाटी-चमच्याने पाजण्यास सांगितले.

शिकवणे हा माझा पेशा. ओट्यापाशी उभे राहून मी सासूबाईंना रीतसर पाठ दिला. आधी उकळून कोमट केलेले पाणी मोजावे. मग डब्यातलाच चमचा दुधाच्या भुकटीने भरून सुरीच्या पाठीने सपाट करावा. तीस मिलिलिटर पाण्याला एक चमचा, कमी नाही, जास्त नाही. त्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. वर्गात कोणताही पाठ मुलांकडून करवून घेतल्याशिवाय मी संपवत नाही. येथे तेवढेच राहिले. सासूला 'करून दाखवा' म्हणणारी सून आमच्या घरात आजवर झाली नव्हती.

पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना पान्हा फुटे. पहिलीतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई, तुमचा पदर भिजून राहिला." हजेरीपट छातीशी धरून मी उरलेली नावे पाठ म्हटली. महिनाभरात ते भिजणेही थांबले. संध्याकाळी लेकीला जवळ घेतले की ती दोनदा ओढून मान फिरवी आणि रडे. "दात येऊन राहिले," सासूबाई सांगत.

अंगणवाडीत वजन केले, तेव्हा काटा मागच्या खेपेच्या किंचित मागेच थांबला.

"काहून हो मॅडम?" सेविकेने विचारले.

उत्तर सासूबाईंनी दिले. "आईचं तोडलं न्हाई का! नोकरीपुढं लेकरू दिसतं का कुनाला?"

रांगेतली एक बाई हसली. "बाईचं बरंय. लोकाची लेकरं शिकवायची, आपलं उपाशी."

मी ते खरे मानले. मेथीचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली, बिनपगारी रजेचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. दोष शोधला तो केवळ स्वतःच्या देहात.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी घरी आले, तर सासूबाई दूध कालवत होत्या. साठ मिलिलिटर पाणी, आणि चमचा एकच, तोही अर्धवट. वाटीचा तळ स्पष्ट दिसत होता.

"आई, एवढंच?"

"घट्ट दूध लेकराला बाधतंय. म्हशीच्या दुधात निम्मं पानी घालूनच तुझा नवरा वाढवला. काय झालं त्याला?"

त्यात कपट नव्हते, म्हणून भांडणही करता येईना. महिनाभर माझी लेक मायेने अर्धपोटी ठेवली गेली होती. मी ती वाटी मोरीत रिकामी केली आणि जे पहिल्याच दिवशी म्हणायचे होते ते म्हणाले, "आता माझ्यासमोर करून दाखवा."

त्यांनी पाणी मोजले. सुरीच्या पाठीने दोन चमचे सपाट केले. वाटी माझ्यापुढे सरकवून विचारले, "झाले का मी पास?" त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "आईला असं उभं करायला नको होतं तू."

पुढच्या वजनाला काटा चांगला सरकला. सेविका म्हणाली, "बघा, कसं भरलं लेकरू! आजीच्या हाताला गुन हाय." सासूबाईंनी पदर सावरून मान डोलावली. मी वजनाच्या नोंदीखाली पालक म्हणून सही केली.

त्या संध्याकाळी मी लेकीला पुन्हा छातीशी धरले. ती रडली नाही. तिने तोंडही लावले नाही. स्वयंपाकघरात चमचा वाटीला लागला, तशी ती माझ्या खांद्यावरून त्या आवाजाकडे झेपावली, आणि मी उठून तिला सासूबाईंच्या मांडीवर दिले.