टाकीतला फेस

डिझेलचा वास आला की मला भूकंपानंतरच्या वर्षांतला लातूरचा एक पंप आठवतो. तुमची आई तिथे क्लाससाठी राहत होती. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढलं तरच तिला दर रविवारी नांदेडला घरी आणणं परवडणार होतं, नाहीतर गाडी विकायची होती. मिस्त्रीचाचांनी इंजिन ट्यून केलं, नांदेडला टाकी काठोकाठ भरली आणि तेही सोबत आले. वाटेत किती डिझेल जळलं ते मोजायला लातूरला टाकी पुन्हा भरताना तुमचे आजोबा खुलले, "किती कमी लागलं बघ!" मी म्हणाले, "अहो, वर फेस आहे. गाडी हलवा." "ऱ्हाऊ द्या बाई, लई बारीक बघून राहिल्या तुम्ही," चाचा पुटपुटले. मी हलवायला लावलीच. फेस बसला, आणखी डिझेल मावत गेलं आणि अ‍ॅव्हरेज पहिल्याइतकंच निघालं. गाडी विकली. तुमची आई मग सुट्टीपुरतीच घरी येऊ लागली, आणि मोजमाप बरोबर होतं म्हणून मला अजून कोणाला दोषही देता येत नाही.