माळ्यावरची मोड

शिवथरच्या खोऱ्यातल्या वाडीत बनुबाईंचं आयुष्य बहुतेक एकटीनंच गेलं. नवरा, कोंडाजी, मुंबईला मसाल्याच्या वखारीत कामाला होता. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. भात लावणं, कापणं, मग त्याच ओलीवर वाल टाकणं, हे सगळं बाईंनीच केलं. त्यांचा वाल बारीक, पण चवीला गोड, म्हणून आसपासच्या वाड्यांतली माणसं बियाणं मागायला यायची. कोंडाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा रितेश महाडच्या एमआयडीसीत लागला आणि गेल्या वर्षी त्यानं डोंबिवलीची अनुपमा लग्न करून घरी आणली.

बाईंना सून आवडली. मुलगी कामाला मागं सरत नव्हती, फक्त सांगितलेलं सगळं शब्दाला धरून करायची.

घरात नळ आला, गिझर आला, तसे तांब्या-पितळेचे हंडे आणि घंगाळ माळ्यावर गेले. बाईंना त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. पाणी वाहून वाहून मान आखडलेल्या बाईला हंड्याची माया किती असणार? श्रावणात महाडचा भांडीवाला विनीत टेम्पो घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचा. जुनी मोड घ्यायचा आणि तिच्या बदल्यात नवी भांडी द्यायचा. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की यंदा सगळी मोड घालायची आणि मोठी स्टीलची कढई घ्यायची.

नेमक्या त्याच आठवड्यात त्या तुडीलला लेकीकडे, वैशालीकडे, नातवाच्या बारशाला गेल्या. शनिवारी त्यांना सोमवारी येणाऱ्या टेम्पोची आठवण झाली, म्हणून त्यांनी सुनेला फोन लावला. खोऱ्यात रेंज मिळते न मिळते. अनुपमाच्या कानावर तुटक तुटक एवढंच पडलं, "सोमवारी लागंल... माळ्यावरचं हाय ते सगळं... मोड काढून ठेव."

अनुपमाला मोड म्हणजे मटकीला येतात ते एवढंच ठाऊक होतं. तिच्या माहेरी सगळी भांडी स्टीलची; मोड कधी घातलीच नव्हती. ती माळ्यावर चढली. तिथं राखेत घोळवलेल्या वालाचे पत्र्याचे डबे होते. सोमवार श्रावणाचा, घरात पाहुणे येणार असतील, असं तिनं धरलं. राख धुऊन तिनं सगळे वाल भिजत घातले. घरातली पातेली पुरेनात, तेव्हा माळ्यावरचे हंडे, पराती आणि घंगाळही खाली आणून घासूनपुसून भरलं. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यांत सगळं बांधून ठेवलं. रितेश पाळीवरून येऊन झोपला होता; त्यानं उठून नुसतं विचारलं, एवढं कशाला? आईंनी सांगितलंय म्हटल्यावर तो पुन्हा आडवा झाला.

सोमवारी सकाळी बनुबाई एसटीतून उतरून घरी आल्या. ओटीवर गाठोडी बघून आधी त्यांना वाटलं, सुनेनं धुणं काढलंय. एक गाठोडं सोडलं तर आत पांढरेशुभ्र लांब मोड. त्यांनी भराभर बाकीची गाठोडी सोडली, सगळ्यांत तेच. पेरायला ठेवलेलं सगळं बियाणं होतं ते. नवऱ्यामागं इतकी वर्षं जपलेलं.

अनुपमाला काय झालं ते कळलं तशी ती रडायलाच लागली. तिनं फोनवर काय ऐकलं ते सांगितलं. बाईंनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि मग त्यांना हसूच आवरेना.

"अगो, मोड म्हंजी वापरातनं सुटलेली भांडी. ती द्यायची नि नवी घ्यायची," त्या म्हणाल्या. "तुझं काय चुकलं नाय. मोडच काढलीस तू."

पण हसून बियाणं परत येणार नव्हतं. बाईंनी शेजारच्या येसूबाईला हाक मारली. येसूबाईनं वाडीतल्या आणखी बायका आणल्या आणि सगळ्या ओटीवर वाल सोलायला बसल्या. कोमट पाण्यातून काढलेला दाणा चिमटीत धरला की सालातून सुटून हंड्या-घंगाळात पडत होता. ज्या बाईनं घरी बिरड्याच्या उसळीला वाल नेला, तिनं आपल्या डब्यातलं बियाणं आणून बाईंच्या पदरात घातलं. ते सगळं मुळात बाईंकडूनच गेलेलं होतं. दुपारपर्यंत पेरणीपुरतं जमलं, तसा बाईंचा जीव खाली बसला.

तेवढ्यात विनीतचा टेम्पो आला. मोड कुठाय म्हणून त्यानं विचारलं, तर प्रत्येक हंड्यात वाल.

"मावशी, आज महाडात घरोघर उपास सोडायला बिरडं लागणार," तो म्हणाला. "सगळं टेम्पोत ठेवा. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसा."

अनुपमाला घेऊन बाई गेल्या. आयुष्यात त्या बाजारात घ्यायलाच गेल्या होत्या, विकायला बसायची पहिलीच वेळ. सुरुवातीला त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून खाली बघत बसल्या. पहिल्याच गिऱ्हाइकानं मोठी नोट पुढं केली आणि विचारलं, "मोड आहे का?"

अनुपमानं घाईघाईनं वाल दाखवला. "हे काय, मोडाचेच आहेत."

"सुट्टे मागतायत गो," बाई हळूच म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की गिऱ्हाईकही हसायला लागलं. मग बाईंचा पदर मागं सरला आणि त्या लोकांना स्वतःहून हाका घालायला लागल्या. दिवेलागणीच्या आत घंगाळ रिकामं झालं.

ते घंगाळ, हंडे आणि पराती बाईंनी तिथंच विनीतच्या तराजूत घातले आणि कढई घेतली. पुन्हा वाल विकायला बसाल तेव्हा लागेल, एक परात ठेवून घ्या, असं विनीत म्हणाला, तर बाईंनी जाळीच्या प्लास्टिकच्या टोपल्या मागितल्या. त्यात वाऱ्यानं मोड चांगले येतात, असं अनुपमाचं म्हणणं होतं, आणि ते बाईंना पटलं होतं.

आता श्रावण लागला की सासूसुना दर आठवड्याला महाडला जातात. वाल पुरत नाही म्हणून येसूबाईचाही घेतात. वजन अनुपमा करते. बाई पायरीवर ऐसपैस बसून गिऱ्हाइकांना बिरड्यात गूळ किती घालायचा ते सांगतात, आणि एखादी नवखी मुलगी भेटली तर वाल सोलून दाखवतात. परवा एकीनं त्यांना विचारलं, आजी, या वयात दगदग होत नाही का? बाई चहाचा घोट घेऊन तिला म्हणाल्या, "घरी बसून काय करू? हितं माणसं दिसतात."