दारुडा मी आहे

माझ्या सासऱ्यांइतक्या मनापासून स्वतःची बदनामी करणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक दोष झाकतात; हे नावाच्या आधी दोष सांगायचे. शहाण्णव साली ही मंडळी मला बघायला देवळाली कॅम्पात आमच्या घरी आली, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरूनच ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे हो. दारुडा मी आहे. दोन वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. उद्याचं सांगत नाही, पण आज घेतलेली नाही एवढं नक्की." सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघू लागल्या. सुनील, म्हणजे आता माझा नवरा, स्कूटरला काहीतरी झालंय असं म्हणत उठून अंगणात गेला. आईने आत येऊन मला सांगितलं की हे स्थळ संपलं. वडिलांचा जन्म लष्करी गणवेश शिवण्यात गेलेला, ते दोन दिवस मशीन चालवत राहिले, आणि मग म्हणाले, "जो माणूस हे पोह्यांच्या वेळी सांगतो, तो पुढे काय लपवणार?" तेवढ्यावर माझं लग्न ठरलं.

सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. घराबाहेर पडताना ते रीतसर जाहीर निवेदन करत. कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर जातोय, वीस मिनिटं लागतील, कोणी ओळखीचं भेटलं तर पंचवीस. एकेकाळी दोन-दोन दिवस बेपत्ता राहिलेल्या माणसाने लावून घेतलेली ही शिस्त होती. एकदा नाशिकरोडहून येताना त्यांची बस बंद पडली, तर त्यांनी पुढे जाणाऱ्या तीन वेगवेगळ्या सायकलवाल्यांबरोबर निरोप पाठवला. तिघेही एकामागोमाग दारात येऊन तेच सांगून गेले, आणि चौथे ते स्वतः आले. घरात शिरल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंसमोर मोठ्याने श्वास सोडायचा, हाही नेम. पूर्वी त्या संशयाने वास घ्यायच्या. आता हे न मागता देत. सासूबाई वर न बघता म्हणायच्या, "कांदाभजी," आणि तव्यावरची पोळी उलटायच्या.

शनिवारी नाशिकरोडला दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरायची. लग्न असो, ताप असो, ती त्यांनी चुकवली नाही. येताना बऱ्याचदा एखादा हात थरथरणारा अनोळखी गृहस्थ बरोबर असायचा. "सूनबाई, ह्यांचा आज चौथा दिवस आहे. ह्यांना काहीतरी गोड दे." मी उत्तम शिरा करते असं लोक म्हणतात, तो हात अशा चौथ्या-पाचव्या दिवसांवर बसलेला आहे.

सगळ्या जगाशी बोलणाऱ्या ह्या माणसाशी त्यांचा मुलगा मात्र बोलत नव्हता. भांडण नव्हतं. बाबा समोर बसलेले असताना सुनील मला म्हणायचा, "त्यांना सांग, गॅस संपलाय." मी सांगायची, ते उठायचे. कारण मला सासूबाईंनी एकदा वाल सोलता सोलता सांगितलं. सुनील सातवीत असताना त्याला शाळेत बक्षीस मिळालं होतं. बाबा झोकांड्या खात समारंभाला गेले आणि थेट व्यासपीठावर चढायला लागले. हे कोण, असं मुख्याध्यापकांनी विचारल्यावर सुनील म्हणाला, मी ह्यांना ओळखत नाही. शिपायाने त्यांना बाहेर काढलं. सांगून झाल्यावर सासूबाईंनी पुढची शेंग उचलली. "पोराचं तरी काय चुकलं? तेव्हा मीसुद्धा ह्यांना ओळखत नव्हते."

पुढे आमची रेवा झाली. आजोबांच्या मांडीवर ती वाढली, पण सुनीलने तिला एकट्या त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर कधी जाऊ दिलं नाही. तोंडाने कोणी काही बोललं नव्हतं. सासरे आपण होऊनच फाटकापाशी तिचं बोट सोडायचे.

रेवा पहिलीत असताना मला टायफॉइड झाला. सासूबाई बहिणीच्या आजारपणासाठी मनमाडला गेलेल्या, आणि नेमकी शाळेची रिक्षा बंद पडली. सकाळी सुनील बुटाची नाडी बांधत होता. नाडीकडेच बघत तो म्हणाला, "बाबा, रेवाला साडेबाराला आणाल?"

"आणतो," ते म्हणाले, आणि साडेदहालाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. दोन तास एका जागी उभा राहिलेला म्हातारा बघून रखवालदाराने हटकलं. त्यावर ह्यांनी सवयीप्रमाणे आपली ओळख करून दिली. रखवालदाराने 'दारुडा' एवढंच ऐकलं, पुढची नऊ वर्षं ऐकलीच नाहीत, आणि त्यांना थेट कचेरीत नेलं. तिथल्या बाईंनी सुनीलच्या कारखान्यात फोन लावला. एक गृहस्थ तुमच्या मुलीला न्यायला आलेत, आपण दारुडे आहोत असं स्वतःच सांगतायत, तुम्ही ह्यांना ओळखता का, असं त्यांनी विचारलं. तिकडे यंत्रांचा इतका गोंगाट होता की सुनीलला ओरडून बोलावं लागलं, आणि त्याचं उत्तर कचेरीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"माझे वडील आहेत ते. खरं बोलतायत. पण सोडून नऊ वर्षं चार महिने झालेत. रेवाला त्यांच्याबरोबर पाठवा."

पावणेदोनला दोघं घरी आले. रेवाच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. सासरे माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि उशीर का झाला ह्याचा हिशेबसुद्धा द्यायला विसरले. म्हणाले, "सूनबाई, त्याला वरचे महिनेसुद्धा माहीत होते."

त्यानंतर काही गळाभेट वगैरे झाली नाही. "त्यांना सांग" जाऊन "बाबा, गॅस संपलाय" आलं, इतकंच. मग कधीतरी सुनील शनिवारी त्यांना स्कूटरवरून बैठकीला सोडू लागला. आधी बाहेर थांबायचा. पुढे आत जाऊन मागच्या बाकावर बसायला लागला.

जुन्या दारूने यकृत आधीच पोखरलं होतं, ते दोन हजार आठच्या हिवाळ्यात कळलं. शेवटचे दोन महिने सुनील एक दिवसाआड त्यांना ओट्यावरच्या उन्हात बसवून त्यांची दाढी करायचा. एका हाताने हनुवटी वर धरायची, दुसऱ्याने वस्तरा. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा म्हणत होते, "तुझा हात चांगला स्थिर आहे रे." सुनील म्हणाला, "बोलू नका, लागेल." मी दारातूनच परतले.

सासूबाईंनी त्यांच्याबरोबर जवळजवळ चाळीस वर्षं काढली, त्यांतली पहिली पंचवीस कशी गेली ते त्यांनाच ठाऊक. माझ्या वाट्याला बारा आली, आणि बाराच्या बारा चांगली. अजूनही शिरा करताना त्या माझ्या शेजारी उभ्या असल्या की मला जरा ओशाळल्यासारखं होतं. त्यांनी राखून ठेवलेलं काहीतरी मी आयतं खाल्लं, असं वाटत राहतं.