पोटातल्या पाण्याची बाटली

"पाणीच तं आहे पोटातलं. त्यात काय एवढं पाहून राहिल्या मॅडम?"

दाराबाहेर लॅबमधले टेक्निशियन दादा कोणाला तरी म्हणत होते. मी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं नाही. अकोल्याच्या या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी शिकायला आल्यापासून ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला चांगलं जमायला लागलं होतं. अमरावतीत इंग्रजी शाळेत शिकले. तोंड उघडलं की लोक माझ्या मराठीला हसतात, त्यापेक्षा गप्प बरं.

पाणी पातूरकडच्या एका बाईचं होतं. माझ्याच वयाची. पोट फुगायचं, पाणी काढायचे, पुन्हा भरायचं. तरुण बाई आणि पोटात पाणी, म्हणजे टीबी, हा आमच्याकडे रिवाजच. कित्येक महिने ती टीबीच्या गोळ्या खात होती. बाटली घेऊन आलेली सासू म्हणाली, "ताट येगळं केलं तिचं. लेकरू धाडलं माहेरी. लागते ना हे." सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली होती, साधी असेल म्हणून कोणी पुढे पाहिलंच नाही.

या वेळी पाण्यात पेशींचे घोसच्या घोस होते, आणि केंद्रकांवर गव्हाच्या दाण्यावर असते तशी उभी खाच. पुस्तकात तिला कॉफीच्या बीची उपमा देतात. अंडाशयाचा एक क्वचित होणारा कॅन्सर असा दिसतो. मी स्लाइड आमच्या विभागाच्या सरांकडे नेली.

सरांनी चहाचा कप हातात ठेवूनच पाहिलं. "साध्या पेशी आहेत, सुजलेल्या. लिहा, टीबी नाकारता येत नाही."

"सर, त्या खाचा..."

"मॅडम, पुस्तकातले आजार पुस्तकवाल्यांनाच होतात. पातूरच्या बाईले टीबीच होते."

बाजूचे दोघे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

'नाकारता येत नाही.' या वाक्यात कोणीच चुकत नाही. ना सर, ना मी, ना वॉर्डातले डॉक्टर. गोळ्या फक्त ती खाते, आणि गाठ तिच्या पोटात वाढते.

रिपोर्ट टाइप होऊन आला. खाली आधी माझी सही, मग सरांची. सरांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि मोबाइल पाहायला लागले. माझा आवाज बारीकच निघाला, पण निघाला.

"सर, हा टीबी वाटत नाही. मी यावर सही करत नाही. सर्जरीच्या डॉक्टरांना तुम्ही फोन करता, की मी करू?"