बिनरेघेचं सारवण

“पूस. आत्ताच्या आत्ता पूस. तुम्हा लोकांना स्वच्छ जागा बघवतच नाही का?”

मॅडम माझ्यावर ओरडल्या तेव्हा हॉल पाहुण्यांनी भरलेला. समई पेटायची होती. मी गुडघ्यांवर बसले. शेणानं सारवलेल्या जमिनीच्या कोपऱ्यात मी रांगोळीची वीतभर रेघ ओढली होती. ती ओढणीच्या टोकानं पुसली. पुसली आणि वर हात जोडले. “चुकलं मॅडम. थँक्यू मॅडम.”

थँक्यू कशाचं? हाकललं नाही, त्याचं.

मी तशीच होते. कुणी नुसतं उभं राहू दिलं तरी उपकार वाटायचे. किनवटच्या पलीकडच्या डोंगरातली मी. गावातली शाळा सातवीला संपली, माझीपण संपली. कामासाठी औरंगाबादला आले. मुकुंदवाडीत एका खोलीत तिघी राहायचो. एका चित्रकलेच्या कॉलेजात झाडूपोछा करायचे. तिथल्या सरांनी एकदा फळ्यावर मी खडूनं काढलेली म्हैस पाहिली. म्हणाले, “काम झालं की मागच्या बाकावर बसत जा.” हजेरीत नाव नाही, सर्टिफिकेट नाही. पण बाक मिळाला. तो बाक जाईल ही भीती सारखी पोटात. वर्गात शिंक आली तरी दाबायचे.

मग कॉलेजात प्रदर्शन आलं. आजच्या काळातली चित्रं, शिल्पं. पेट्या उघडत होत्या आणि मी फडकं हातात धरून बघतच राहिले. कुणी जुने विळे-कोयते जोडून बगळा केलेला. कुणी पोत्याचे तुकडे दाभणानं शिवून भिंतीवर टांगलेले. असे टाके माझी आई घालते. मी सरांना विचारलं, “सर, हे पण चित्र असतंय?”

सर हसले. “करणाऱ्यानं ठरवलं म्हणजे असतंय.”

मॅडम पुण्याच्या, प्रदर्शनातल्याच एक कलाकार. त्यांची मांडणी अशी: शेणानं सारवलेली जमीन, मधोमध रिकामी बाज, वर एक बल्ब. नाव ‘विश्रांती’. सारवायला कुणी मिळेना, तेव्हा सरांनी मला पुढं केलं. मला आभाळ ठेंगणं झालं. हर्सूलच्या गवळ्याकडं शेण आणायला गेले. रिक्षावाला म्हणाला, “नक्को बाई, सीट में बू बैठती.” बादली डोक्यावर घेऊन चालत आले. पांढरी माती कालवली. हाताचे अर्धगोल एकात एक बसवत मागं मागं सरकले. झाल्यावर रांगोळीची पुडी काढली तर मॅडम म्हणाल्या, “ते नको. मला फक्त माती हवी.”

 आमच्याकडं सारवलं की रेघ ओढतात, दोन बोटांची का असंना. बिनरेघेचं सारवण एकाच दिवशी असतं. घरातनं माणूस उचलून नेल्यावर. बाबा गेले तेव्हा आईनं असंच सारवलं होतं. बाज अशीच रिकामी. आता गावाकडं आई एकटी, दम्यानं बेजार. मी माझ्या हातानं तिचंच घर सारवून ठेवलंय असं वाटलं. मॅडम चहाला गेल्या तशी चोरून रेघ ओढली. ती त्यांनी उद्‌घाटनाच्या वेळी पाहिली आणि सगळ्यांसमोर पुसायला लावली.

त्या संध्याकाळी आईला तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा ती खवळली. “काय गं, मेले का मी? सारखं सारखं काय फोन!” तिचं ते खेकसणं ऐकून मला जरा झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून मला दाराशी स्टुलावर बसवलं. कुणी हात लावू नये म्हणून. फुलंब्रीकडचे एक आजोबा आले, इथं शिकणाऱ्या नातीबरोबर. लोखंडी बगळ्याला म्हणाले, “लई भुकेला दिसतोय गडी.” मग मॅडमच्या मांडणीसमोर आले आणि थांबले. टोपी काढून हातात घेतली. मला हळूच विचारलं, “कोण गेलं, पोरी?”

नात लाजली. “आबा, कुणी नाय गेलं. ‘विश्रांती’ लिवलंय बघा.”

“लिवलेलं ऱ्हाऊ दे. रेघ हाय का? नाय ना? मग गेलंय कुणीतरी.”

मागची पोरं फिदीफिदी हसली.  आजोबांनी जमीन वाचली होती. पाटीवर विश्रांती होती आणि जमीन मयत सांगत होती. हे मॅडमना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. वीतभर रेघेनं सगळा अर्थ फिरत होता आणि ती रेघ मी घाण म्हणून पुसली होती. वर थँक्यू म्हणाले होते. खरं आहे, मी ती भीतीनं ओढली होती. पण आता ठरवून ओढली तर?

चौथ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं सारवण तडकलं. उद्या मुंबईचे कुणी मोठे लोक येणार होते. मॅडम आल्या, बरोबर सर. “पुन्हा सारव. आणि या वेळी तुझं ते काही नको.”

बादली हातात होती.  

“सारवते. पण रेघ ओढीन.”

“काय?”

“रेघ नसली की मयत होतंय, मॅडम. विश्रांती म्हणायचं असंल तर रेघ लागंल. मयत म्हणायचं असंल तर पाटी बदला. काय ते तुम्ही ठरवा. पण समजून ठरवा.”

मॅडम लाल झाल्या. माझ्याशी बोलल्याच नाहीत. सरांना म्हणाल्या, “ही तुमची विद्यार्थिनी की मोलकरीण? एकदा काय ते ठरवा.”

सरांनी मान खाली घातली. मग मला, अगदी मायेनं, “कर ना गं गुपचूप. बाक हवाय ना तुला?”

हवा होता. त्या बाकाशिवाय या शहरात माझं होतं काय?

मी बादली खाली ठेवली. “नाय सर.”

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर प्लास्टरची पोती रचलेली होती.  झाडूपोछ्याचं काम अजून आहे, तेही कधी जाईल सांगता येत नाही.  तरी वर्ग सुरू झाला की मी त्या पोत्यांशेजारी वही घेऊन उभी राहते. जा म्हणाले तर दाराबाहेर उभी राहीन. उभ्यानं रेघ वाकडी येते. येऊ दे. मी ओढलेली रेघ माझ्या हातानं परत पुसायची नाही.